स्कूटरची ताकद किती घोड्यांची?

श्रोतेहो, तालुक्याच्या गावी स्कूटर पाहायला गेलं, की विक्रेता सांगतो, "एकशेदहा सी.सी., आठ घोड्यांची ताकद!" आपण मान डोलावतो आणि हप्त्याच्या कागदावर सही करतो. पण सी.सी. म्हणजे ताकद नव्हे; ते सिलिंडरच्या पोकळीचे माप.

एका सेकंदात ७५ किलोचे ओझे एक मीटर वर उचलणे, ही एक अश्वशक्ती. गुरुजींनी हा हिशेब फळ्यावर जरूर मांडावा. गाडी ११० किलोची, वर दोन माणसे मिळून १३०, एकूण २४०. रस्ता दर दहा मीटरला एक मीटर चढतो आणि गाडी ताशी ३६ किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला दहा मीटर चालली आहे. म्हणजे दर सेकंदाला २४० किलो एक मीटर वर जातात. भागिले ७५. नुसत्या चढालाच ३.२ अश्वशक्ती गेली! वाऱ्याचा, टायरचा, पट्ट्याचा खर्च वेगळाच.

तरी आठ आहेत ना, असे म्हणाल. माहितीपत्रकात पुढे बारीक अक्षरांत '८००० फेऱ्यांना' असे असते. इंजीन मिनिटाला तितके फिरेल तेव्हाच आठही घोडे जुंपले जातात. म्हणून शेजारचा टॉर्कचा, म्हणजे पिळाचा आकडाही पाहावा. तो जितक्या कमी फेऱ्यांना मिळेल, तितकी गाडी ओझ्याखाली कमी ओरडते. कुठे आकडा किलोवॅटमध्ये असतो. एक किलोवॅट म्हणजे सुमारे १.३६ अश्वशक्ती. तेव्हा ५.८ वाचून गाडी दुबळी समजू नका.

आणि सहीआधी दोघांनी बसून एखादा चढ चढून पाहावा. दुकानदार नको म्हणाला, तर दुसरे दुकान आहेच.