चंद्रोदय : श्रद्धेचा आणि गणिताचा

विज्ञान आणि धर्मश्रद्धा यांचे हाडवैर आहे, असे मत आपल्या कानांवर वारंवार येते. विज्ञान शिकलेल्याने देवळाची पायरी चढू नये आणि देवळात जाणाऱ्याने दुर्बिणीस डोळा लावू नये, असाच जणू दंडक आहे! या प्रश्नाचा काथ्याकूट कितीही करता येईल. परंतु आपल्या परिसरातील एखादे उदाहरण घेऊन त्याचा नीट विचार केला, तर तो अधिक फलदायी होईल, असे आम्हांस वाटते.

खजरान्याचे गणेशमंदिर अहिल्याबाई होळकरांनी बांधविले, अशी परंपरा आहे. थंडीच्या दिवसांत तेथे तिल चतुर्थीचा मेळा भरतो आणि गणरायास तिळाच्या लाडवांचा नैवेद्य दाखवितात. आमच्या मराठी घरांतून ही तिथी पौष वद्य चतुर्थी म्हणून ओळखली जाते, तर शेजारच्या हिंदी भाषिक घरांतून माघ कृष्ण चतुर्थी म्हणून. यात चूक कोणाचीच नाही. आपण महिना अमावास्येस संपवितो, ते पौर्णिमेस संपवितात, एवढाच भेद. महिन्याची नावे दोन झाली, तरी आकाशातला चंद्र एकच. आणि दोन्ही घरांतील उपास सुटतो तो त्याच्या दर्शनानेच.

आता हा चंद्र उगवणार केव्हा? हे सांगणे श्रद्धेच्या हाती नाही. तेथे गणितासच शरण जावे लागते.

तिथी म्हणजे काय, हे प्रथम पाहू. सूर्य आणि चंद्र यांच्यातील अंतर १२ अंशांनी वाढले की एक तिथी पुरी होते. ३६० अंशांच्या फेऱ्यात अशा ३० तिथी बसतात. हे अंतर २१६ पासून २२८ अंशांपर्यंत असते, तेव्हा वद्य चतुर्थी असते. चंद्राची कक्षा लंबवर्तुळाकार असल्यामुळे त्याची गती कधी मंद, कधी शीघ्र असते. म्हणून एखादी तिथी सुमारे २० तासांतच सरते, तर एखादी जवळजवळ २७ तास रेंगाळते. चंद्रोदयाचे तर स्थळाप्रमाणेही अंतर पडते. रेखांशाच्या एका अंशास ४ मिनिटे धरली, तर मुंबईहून सुमारे ३ अंश पूर्वेस असलेल्या इंदुरात केवळ रेखांशामुळेच चंद्र सुमारे १२ मिनिटे आधी दिसावयास हवा. अक्षांशाचा फरक पडतो तो निराळाच. मुंबईच्या पंचांगातील वेळ पाहून खजरान्यातील माउलीने गच्चीवर जाऊन चालत नाही, ते यामुळे!

हे गणित आकाशाशी जुळते की नाही, हे तपासण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. कोकणात समुद्रकाठच्या नांदगावी केशव दैवज्ञ नावाचे ज्योतिषी होऊन गेले. त्यांचा ‘ग्रहकौतुक’ हा ग्रंथ १४९६ सालचा. त्यांनी स्वतः ग्रहांचे वेध घेतले, जुन्या ग्रंथांवरून येणारी स्थाने आकाशाशी ताडून पाहिली आणि जेथे फरक आढळला तेथे तो स्पष्ट नोंदविला. त्यांचे पुत्र गणेश दैवज्ञ यांनी १५२० च्या सुमारास ‘ग्रहलाघव’ रचला. त्याच्या आधारे महाराष्ट्रात पुढे शतकानुशतके पंचांगे होत राहिली. हे पितापुत्र नास्तिक नव्हते. त्यांना देवकार्य यथाकाल व्हावयास हवे होते, म्हणूनच ते आकाशाकडे पाहत होते.

परंतु उत्तम गणितही काळाच्या ओघात मागे पडते. एखादे घड्याळ रोज एकच सेकंद मागे राहिले, तरी वर्षात ६ मिनिटांची चूक होते. मग तीनशे-चारशे वर्षांत ग्रहगणिताची काय गत होईल, याची कल्पनाच करावी. प्रा. केरो लक्ष्मण छत्रे यांनी हे जाणून १८६० साली ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ हा ग्रंथ सिद्ध केला आणि १८६५ पासून आबासाहेब पटवर्धन यांच्या साह्याने नवे पंचांग सुरू केले. तेच पुढे ‘पटवर्धनी पंचांग’ म्हणून प्रसिद्धीस आले.

समाजाने ते लगेच स्वीकारले नाही. तिथी ६५ घटींहून अधिक वाढत नाही व ५४ घटींहून कमी होत नाही, असा जुना नियम होता. त्यास ‘बाणवृद्धी रसक्षय’ म्हणत. नव्या गणिताने तिथी ६७ घटींपर्यंत वाढते आणि ५० घटींपर्यंत उतरते, असे दिसून आले. मग वाद पेटला. वाडवडिलांनी ज्या तिथीस श्राद्धे केली, ती तिथीच चुकली असे म्हणावयाचे काय? या प्रश्नामागील व्यथेस हसणे योग्य होणार नाही. परंतु तिचे उत्तरही परंपरेतच होते. गणित डोळ्यांस दिसणाऱ्या आकाशाशी जुळले पाहिजे, हा दृक्प्रत्ययाचा दंडक केशव दैवज्ञांसारख्यांनी आधीच घालून दिला होता. पूर्वजांनी आपल्या काळचे सर्वांत चांगले गणित वापरले. आपणही तसेच केले, तर त्यांचा अवमान होत नाही. उलट त्यांचाच मार्ग पुढे चालविला जातो. लोकमान्य टिळकांनी पंचांगशुद्धीचा कैवार घेतला, त्यामागे हाच विचार होता.

स्वातंत्र्यानंतर १९५२ साली भारत सरकारने पंचांग सुधारणा समिती नेमली. ताऱ्यांच्या वर्णपटाचे कोडे उकलणारे पदार्थवैज्ञानिक मेघनाद साहा हे तिचे अध्यक्ष. श्रद्धाळू म्हणून साहांची ख्याती मुळीच नव्हती. तरी कोट्यवधी श्रद्धाळूंच्या सणांच्या तिथींचे गणित शुद्ध व्हावे, म्हणून त्यांनी परिश्रम घेतले. १९५५ साली समितीचा अहवाल प्रसिद्ध झाला आणि २२ मार्च १९५७, म्हणजे १ चैत्र शके १८७९ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका अमलात आली. या गणितासाठी जे मध्यवर्ती स्थान कल्पिले, त्याचा अक्षांश २३ अंश ११ कला, म्हणजे आपल्या शेजारच्या उज्जयिनीचाच! प्राचीन सिद्धांतांची मध्यरेषा याच नगरीतून जात असे. सवाई जयसिंगांनी तेथे उभारलेल्या वेधशाळेचा १९२३ साली माधवराव शिंदे यांनी जीर्णोद्धार केला. गोविंद सदाशिव आपटे हे तिचे पहिले अधीक्षक होते.

आणि चंद्राची वाट पाहणारे काही एकाच धर्माचे नसतात. याच खजरान्यात नाहर शाह वली यांचा दर्गा आहे. रमजान संपून ईद केव्हा, हे तेथील भाविकांस शुद्ध पक्षाच्या कोवळ्या चंद्रकोरीवरून कळते. आणि ती कोर कधी दिसू शकेल, या प्रश्नाने इस्लामी जगतातील ज्योतिर्विदांकडून अतिशय सूक्ष्म गणित करविले. युरोपातही ईस्टरचा सण ऋतूशी जुळेनासा झाला, तेव्हा १५८२ साली पोप ग्रेगरी यांनी दहा दिवस वगळून ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर मानावयास लावला. आज आपल्या भिंतीवर टांगलेली इंग्रजी दिनदर्शिका ही त्या धार्मिक गरजेचेच फळ होय.

विद्यार्थीमित्रहो, यावरून एक गोष्ट ध्यानी येईल. श्रद्धेने प्रश्न उभा केला आणि विज्ञानाने त्याचे उत्तर शोधले. मात्र दोघांनीही आपली मर्यादा ओळखावयास हवी. चंद्र कोठे आहे, हे ठरविण्याचा अधिकार श्रद्धेस नाही. तेथे वेध आणि गणित यांचाच शब्द अखेरचा. उलट दिवसभर उपाशी राहून, कोणाच्या तरी कल्याणासाठी हात जोडून त्या चंद्राची वाट पाहावी की नाही, हे कोणतेही गणित सांगू शकत नाही. ही सीमा ओलांडली की भांडण सुरू होते. पाळली की दोघेही एकमेकांस बळ देतात.

२३ ऑगस्ट २०२३ रोजी भारताचे चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवानजीक उतरले. म्हणून त्यानंतरच्या संकष्टीस कोणी अर्घ्य देण्याचे थांबविले नाही. आणि अर्घ्य देणाऱ्या घरांतील मुलांना त्या यानाचा अभिमान वाटावयाचाही राहिला नाही. येत्या चतुर्थीस घरी चंद्रोदयाची वेळ पाहिली जाईल, तेव्हा तुम्ही घड्याळ घेऊन गच्चीवर जा. पंचांगातील मिनिट आणि प्रत्यक्ष चंद्र यांची गाठ पडते का, ते स्वतः पाहा. क्षितिजावर झाडे-इमारती असतील, तर थोडा उशीर होईल. तोही का होतो, याचा विचार करा. आणि मग आईबरोबर हातही जोडा. केशव दैवज्ञ समुद्रकाठी याहून निराळे काही करीत नव्हते.