सिद्धता पाठवण्यापूर्वी

गणितातला एखादा प्रसिद्ध प्रश्न आपण सोडवला, असे ज्याला वाटते त्याची स्थिती मोठी चमत्कारिक असते. वर्षानुवर्षे खपून केलेले काम हाती असते आणि ते वाचायला कोणी मिळत नाही. हा विद्वानांचा गर्व, असे तो समजतो. प्रकरण इतके सोपे नाही.

पाउल वोल्फस्केल ह्या जर्मन गृहस्थाच्या मृत्युपत्रानुसार १९०८ साली गटिंगेनच्या विज्ञानसंस्थेने फर्माच्या सिद्धांतासाठी १,००,००० मार्कांचे बक्षीस जाहीर केले. पहिल्या वर्षातच ६२१ सिद्धता येऊन पडल्या! प्राध्यापक लांडाऊ ह्यांनी अखेर उत्तराची कार्डेच छापून घेतली. पहिली चूक कोणत्या पानावर, कोणत्या ओळीत, एवढीच जागा कोरी; ती विद्यार्थ्यांनी भरायची. म्हणजे वाचणारे होते. पण चूक सापडत होती. बक्षीस १९९७ मध्ये अँड्र्यू वाइल्स ह्यांना मिळाले; त्यांच्याही १९९३ च्या सिद्धतेत भगदाड निघाले होते आणि ते बुजवायला वर्षाहून अधिक काळ लागला.

तेव्हा ती पहिली चूक आपणच शोधावी. कोलाट्झचा प्रश्न घ्या. संख्या सम असल्यास निम्मी करा, विषम असल्यास तिप्पट करून एक मिळवा. असे करत गेल्यास शेवटी नेहमी १ येतो का? आता आपल्या युक्तिवादात 'एक मिळवा'ऐवजी 'एक वजा करा' घालून पाहा. ५ पासून निघाल्यास १४, ७, २०, १० आणि पुन्हा ५! १ येतच नाही. ह्या बदलानंतरही तुमचा युक्तिवाद जसाच्या तसा चालत असेल, तर तो खोटे विधानही सिद्ध करतो. निदान टपालखर्च तरी वाचला.

अमेरिकेतील क्ले संस्थेने २००० साली सात प्रश्नांना प्रत्येकी दहा लाख डॉलर ठेवले. पण सिद्धता थेट संस्थेकडे पाठवता येत नाही. ती आधी मान्यवर नियतकालिकात छापली जावी, दोन वर्षे जावीत आणि तज्ज्ञांनी ती मानावी, असा नियम आहे.

मात्र दार बंद नाही. इंग्लंडातील डेव्हिड स्मिथ हे छपाईच्या धंद्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. २०२२ मध्ये त्यांना तेरा बाजूंची एक आकृती गवसली. तिच्या फरश्यांनी सारे प्रतल भरते, पण नक्षी ठरावीक अंतराने पुन्हा येत नाही. ते एकटे सिद्धता रचत बसले नाहीत. त्यांनी ती आकृती क्रेग कॅप्लन ह्या जाणकारास दाखवली. २०२३ च्या निबंधावर चौघांची नावे आहेत. पहिले स्मिथ ह्यांचे.