वाईट माणूस आपला का वाटतो?

'ब्रेकिंग बॅड' (2008-2013) मधला वॉल्टर व्हाइट आठवतोय ना? शाळेत केमिस्ट्री शिकवणारा. पगार पुरत नाही म्हणून गाड्या धुतो, त्यात फुप्फुसाचा कॅन्सर. तो ड्रग्ज बनवायला लागतो तेव्हा आपण म्हणतो, करणार काय बिचारा! खरी गोम पुढे आहे. श्रीमंत मित्र उपचाराचा खर्च द्यायला तयार होतात आणि हा पठ्ठ्या अहंकारापायी नाकारतो. तोवर आपण त्याचे झालेलो असतो, मग त्याची सबब आपणच शोधतो.

मालिकेत निदान बघ्याची सोय असते. 'द लास्ट ऑफ अस' (2013) या गेममध्ये तीही नाही. एलीच्या मेंदूवर शस्त्रक्रिया केली तर साथीवर लस मिळण्याची आशा आहे, पण ती मरणार. तिला लेकीसारखी मानणारा जोएल हॉस्पिटलात माणसं मारत सुटतो. आडव्या आलेल्या डॉक्टरला मारल्याशिवाय गेम पुढे सरकतच नाही, आणि बटण दाबणारं बोट आपलं. आपण दाबतोही. दहा-बारा तास एलीला सांभाळत आणलेलं असतं ना!

मग शेवटच्या भागात गेम आपल्याला एली करतो. आणि जोएल तिच्याशी शपथेवर खोटं बोलतो.