भागीदारी तोंडी, कर्ज मात्र लेखी!

तूर विकण्यापेक्षा डाळ विकावी, डेअरीला दूध घालण्यापेक्षा खवा-पनीर करावे, असे आता गावोगावच्या तरुणांना वाटू लागले आहे. चांगली गोष्ट आहे. पण मशीन कुठले घ्यायचे याची चौकशी आपण जिल्हाभर करतो आणि धंदा कायद्याने कोणत्या स्वरूपात उभा करायचा, हे मात्र पारावर चहा पिता पिता उरकून टाकतो. नडते ते इथेच.

समजा, तुम्ही तिघांनी मिळून डाळ मिल टाकली आणि 12 लाखांचे कर्ज काढले. 'आपल्या आपल्यात कागद कशाला?' म्हणून लेखी काहीच केले नाही. धंदा बुडाला तर आपल्या वाट्याला फार तर 4 लाख येतील, ही तुमची समजूत. कायदा तसे म्हणत नाही. 1932 च्या भागीदारी कायद्याप्रमाणे प्रत्येक भागीदार पूर्ण देण्याला जबाबदार असतो. बाकीच्या दोघांनी हात वर केले, तर सगळे 12 लाख एकट्या तुमच्याकडूनही वसूल होऊ शकतात. मग त्या दोघांकडे हिशेब मागत तुम्ही बसा!

दुसरी गोष्ट. भागीदारी संस्थेची नोंदणी सक्तीची नाही, हे खरे. पण व्यापाऱ्याने डाळीचे पैसे थकवले तर नोंदणी नसलेल्या संस्थेला त्याच्यावर वसुलीचा दावा लावता येत नाही. शिवाय करारात वेगळे लिहिले नसेल, तर एक भागीदार वारला की संस्थाच विसर्जित होते. म्हणून भागीदारी करायचीच तर करारपत्र करा आणि त्याची नोंदणीही करा. कोणाचे भांडवल किती, नफा-तोटा कसा वाटायचा, एखादा बाहेर पडला किंवा दगावला तर पुढे काय, हे त्यात स्पष्ट लिहा.

धंदा एकट्याचा आणि लहान असेल, म्हणजे पिठाची गिरणी, रोपवाटिका, रसवंती वगैरे, तर एकट्याच्या मालकीचा धंदाच बरा. खर्च कमी, कटकट कमी. 'उद्यम' नोंदणी फुकट होते, त्यासाठी एजंटाला पैसे देऊ नका. मात्र नफा तुमचा तसे कर्जही सगळे तुमचेच, हे विसरू नका.

घरदार धोक्यात नको असेल तर 2008 च्या कायद्याने आलेली मर्यादित दायित्व भागीदारी, म्हणजे एलएलपी, किंवा प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. एलएलपीला किमान दोघे लागतात. येथे जबाबदारी साधारणपणे गुंतवलेल्या भांडवलापुरती असते. पण बँकेने वैयक्तिक जामीन घेतला आणि तुम्ही सही केली, की ते संरक्षण त्या कर्जापुरते संपले. शिवाय दरवर्षी हिशेब व विवरणपत्रे भरावी लागतात. कंपनीची वार्षिक विवरणपत्रे उशिरा गेली तर एकेका फॉर्मला दिवसाला 100 रुपये जादा शुल्क चढते. धंदा बंद पडला तरी कंपनी रीतसर बंद करेपर्यंत हे चालूच राहते.

गावातले पुष्कळ जण एकत्र येणार असतील तर सहकारी संस्था आपल्या ओळखीची आहे. 1960 च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याखाली वेगवेगळ्या कुटुंबांतील किमान दहा जण लागतात. दुसरा मार्ग शेतकरी उत्पादक कंपनीचा. कायद्यात ही तरतूद 2003 पासून आली. दहा उत्पादक आणि किमान पाच संचालक हवेत. दोन्हीकडे सभासदाला एकच मत, मग शेअर कितीही असोत. दिंडोरी तालुक्यातील मोहाडीची 'सह्याद्री' ही अशीच उत्पादक कंपनी. पण अनुदानासाठी दहा सह्या गोळा करून कंपनी काढू नका. माल आणणारे सभासद नसतील तर मागे उरतो तो फक्त विवरणपत्रांचा बोजा.

तेव्हा मशीनची ऑर्डर देण्याआधी चार प्रश्नांची उत्तरे लिहून काढा. कर्ज थकले तर वसुली कोणाच्या घरावर येणार? पैसे अडकले तर दावा कोण लावणार? एक जण गेला तर त्याचा वाटा कोणाला? आणि दरवर्षीची कागदपत्रे कोण सांभाळणार? उत्तरे घेऊन वकील किंवा सी.ए.कडे जा. त्यांची फी कर्जाच्या एका हप्त्याहूनही कमी पडेल.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनीही एवढे करावे : गावात नवा धंदा काढायला कोणी निघाले, की 'अनुदान किती?' या प्रश्नाआधी 'करारपत्र केले का?' असे विचारावे. दोस्ती टिकवायची असेल तर कागद दोस्तीतच करायचा असतो, भांडण झाल्यावर नव्हे.