दोन उणे मिळून अधिक होत नाही!

सहावी-सातवीतल्या मुलाची गणिताची वही एकदा उघडून पाहा. साध्या बेरजा-वजाबाक्या ठीक चाललेल्या असतात. उणे चिन्हाच्या संख्या आल्या की लाल शाईच्या फुल्या सुरू होतात. (−५) + (−३) या बेरजेचे उत्तर मूल ८ असे लिहून मोकळे होते. का, म्हणून विचारले तर सांगते, "दोन उणे मिळून अधिक होते ना!"

हा नियम गुणाकाराचा आहे, बेरजेचा नव्हे. पण कानावर पडलेले वाक्य डोक्यात बसते, आणि ते कुठे लावायचे व कुठे नाही हे समजावून द्यायला घरी कोणी नसते. आई-वडील म्हणतात, "आम्ही शिकलेलो नाही, आम्हाला काय कळणार?" हे आम्हाला मान्य नाही. ज्या माउलीने वाण्याची उधारी तोंडपाठ ठेवून महिना निभावला, तिला हे गणित येतेच. तिला फक्त त्याची चिन्हे कोणी दाखविलेली नाहीत.

ऋण म्हणजे कर्ज

आपण अधिकच्या संख्येला धन आणि उण्याच्या संख्येला ऋण म्हणतो. धन म्हणजे हातातला पैसा, ऋण म्हणजे डोक्यावरचे कर्ज. इ. स. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने आपल्या ग्रंथात बेरजेचे नियम याच शब्दांत मांडले. चीनमध्ये त्याही आधी हिशेबासाठी काड्या वापरीत. धनासाठी तांबड्या आणि ऋणासाठी काळ्या, असे लिऊ हुई याने इ. स. २६३ मध्ये नोंदविले आहे. + आणि − ही चिन्हे छापील पुस्तकात प्रथम आली ती १४८९ साली, जर्मनीत, व्यापारी हिशेबाच्या पुस्तकात. म्हणजे हे गणित बाजारात आणि देण्याघेण्यात वाढलेले आहे. ते कष्टकऱ्याला परके नाही.

नियम तीनच

पहिला : दोन्ही संख्यांचे चिन्ह सारखे असेल तर बेरीज करा आणि तेच चिन्ह ठेवा. वाण्याचे ५०० देणे, शेजारणीचे ३०० देणे. एकूण देणे ८००. म्हणून (−५००) + (−३००) = −८००. दोन कर्जे एकत्र आली म्हणून कोणी श्रीमंत होत नाही!

दुसरा : चिन्हे वेगळी असतील तर मोठ्यातून लहान वजा करा आणि मोठ्याचे चिन्ह द्या. देणे ५००, पगार ८०० आला. देणे फेडून ३०० उरले. (−५००) + ८०० = ३००. उलट देणे ८०० आणि हाती ५०० असतील, तर ३०० देणे राहिले. (−८००) + ५०० = −३००.

तिसरा : देणे आणि हातातला पैसा सारखाच असेल तर उत्तर शून्य. (−५००) + ५०० = ०.

शेंगदाणे आणि हरभरे

मूल तरीही अडले तर स्वयंपाकघरातून मूठभर शेंगदाणे आणि हरभरे आणा. एक शेंगदाणा म्हणजे एक रुपया जमा, एक हरभरा म्हणजे एक रुपया देणे. एक शेंगदाणा आणि एक हरभरा यांची जोडी झाली की ती शून्य. मुलाने ती खाऊन टाकावी.

(−५) + ३ करायचे आहे? पाच हरभरे मांडा, तीन शेंगदाणे मांडा. तीन जोड्या पोटात गेल्या, दोन हरभरे उरले. उत्तर −२. आता (−५) + (−३) मांडा. पाच हरभरे आणि आणखी तीन हरभरे. जोडी एकही जमत नाही. आठही हरभरे तसेच राहतात. उत्तर −८. वहीत फुली का पडली, हे मुलाला आपल्या डोळ्यांनी दिसते.

मग वजाबाकी दाखवा. पाच हरभऱ्यांतून तीन हरभरे काढून घेतले, दोन उरले. (−५) − (−३) = −२. येथे देणेच काढून घेतले, म्हणजे तेवढे हाती आल्यासारखेच झाले. म्हणून (−५) + ३ चे उत्तरही तेच आले.

उचलीचा हिशेब

हे केवळ परीक्षेपुरते नाही. आपले कित्येक बांधव ऊसतोडीला जातात. समजा, एका जोडीने मुकादमाकडून ५०,००० रुपये उचल घेतली आणि हंगामात ४२,००० रुपयांचे काम केले. (−५०,०००) + ४२,००० = −८,०००. पुढच्या हंगामाला पुन्हा ५०,००० उचल घेतली, तर वहीत (−८,०००) + (−५०,०००), म्हणजे −५८,००० हवेत. तिथे ६८,००० लिहिलेले असतील तर बोट ठेवून विचारणारे कोणी घरात हवे. आपल्या आजोबा-पणजोबांनी सावकाराच्या वहीवर अंगठे उठविले ते वहीत काय लिहिले आहे हे कळत नव्हते म्हणून. ज्याला वही वाचता येत नाही, त्याचे कर्ज दुसराच ठरवितो.

बाबासाहेबांनी १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहून लंडनची डॉक्टरेट मिळविली. पैशाचा हिशेब हा विषय त्यांनी आपला मानला होता. बीजगणिताची सारी समीकरणे या चिन्हांवरच उभी आहेत. इथे पाय घसरला की मूल दहावीपर्यंत गणिताला घाबरत राहते, आणि पुढे तंत्रशिक्षणाची वाटही अवघड होते.

तेव्हा माता-पित्यांनो, या रविवारी वंदना आटोपली की मुलांना घेऊन बसा. विहारात अभ्यासवर्ग चालत असेल तर तिथेही हा खेळ मांडा. आणि घरच्या उधारीचा हिशेब या महिन्यापासून मुलीच्या किंवा मुलाच्या हाताने, धन-ऋणाची चिन्हे घालून लिहू द्या.