टायरवरील चिन्हे आणि त्यांचा अर्थ

युरोपात मोटरहोम घेऊन हिंडणारे प्रवासी पुष्कळदा गवताळ मैदानात मुक्काम करतात. रात्री पाऊस झाला, की सकाळी चाके जागच्या जागी फिरू लागतात. कारण यांपैकी पुष्कळ वाहनांना गती देतात ती पुढील चाके, आणि सामानाचा भार असतो मागे. अशा वेळी योग्य टायर कोणता, हे ठरविण्यासाठी त्याच्या कडेवरील चिन्हांचा अर्थ नीट लावणे अगत्याचे ठरते.

‘एम’ व ‘एस’ ही अक्षरे ‘चिखल’ आणि ‘हिम’ या अर्थांच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे होत. तथापि हे चिन्ह म्हणजे केवळ उत्पादकाचे कथन होय; त्यामागे सक्तीची चाचणी नाही. याउलट तीन शिखरे व हिमकण यांचे चिन्ह हिमावरील चाचणीनंतरच लाभते. म्हणूनच जर्मनीत १ ऑक्टोबर २०२४ पासून हिवाळी टायरची खूण म्हणून ‘एम-एस’ ही अक्षरे एकटी पुरेशी मानली जात नाहीत.

परंतु ओल्या गवताविषयी हे दुसरे चिन्हही मौनच पाळते. ‘सीपी’ ही अक्षरे मोटरहोमचा भार पेलणारी बांधणी सुचवितात, पकड नव्हे. सारांश, प्रथम भारक्षमता पाहावी, मग शिखरचिन्ह. आणि खाचा खोल व मोकळ्या आहेत की नाहीत, हे मात्र स्वतःच्या डोळ्यांनीच पारखावे. चिन्हाचा अर्थ संकेताने ठरतो, त्यातील अक्षरांच्या मूळ शब्दार्थाने नव्हे, हे भाषेच्या अभ्यासकांस निराळे सांगावयास नको.