कठीण, तरी ठिसूळ

ऐरणीवर ठेवून घणाचा घाव घातला तरी जो फुटत नाही, तो खरा हिरा, ही समजूत आपल्याकडे फार जुनी आहे. पहिल्या शतकातील रोमन ग्रंथकार प्लिनी यानेही तेच लिहिले. संतांच्या दृष्टांतात ती शोभते. परंतु जवाहिऱ्याने ती शब्दशः खरी मानली, तर अस्सल हिऱ्याचाही चुरा व्हावयाचा!

घोटाळा आहे तो काठिण्य आणि चिवटपणा या दोन गुणांचा. ओरखडा पडू न देणे हे काठिण्य. त्यात हिऱ्याची बरोबरी करणारे दुसरे खनिज नाही. घाव सोसणे ही गोष्ट निराळी. स्फटिकात अणू ठराविक रचनेने बसलेले असतात. ज्या पातळीवर त्यांची पकड कमी, तेथे स्फटिक दुभंगतो आणि तुटलेली बाजू सपाट निघते. यास पाटन म्हणतात. अभ्रकाचे पापुद्रे नखाने सुटतात ते यामुळेच. सैंधवाचा खडा फोडून पाहावा. पुष्कळ तुकड्यांना काटकोनी कडा आढळतील.

हिऱ्यातील बंध सारे सारखेच बळकट. पण चार दिशांच्या पातळ्यांवर ते सर्वांत विरळ असतात, आणि घाव तेथे लागू पडतो. १९०५ साली दक्षिण आफ्रिकेत ३,१०६ कॅरटचा कलिनन हिरा सापडला. १९०८ साली अ‍ॅम्स्टरडॅमच्या योसेफ आशर यांनी त्याला खाच पाडली, खाचेत पोलादी पाते धरले आणि ठोका दिला. पहिल्या खेपेस पातेच मोडले, असे सांगतात. पुढे मात्र हिरा दुभंगला. दिशा चुकती, तर त्या अमोल खड्याचे काय झाले असते?

गारगोटीत असे सपाट पाटन नाही. ती फुटते तेव्हा शिंपल्यासारखी वक्र, खोलगट बाजू निघते. हे शंखाभ भंजन. तिची कड मोठी धारदार असते. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठच्या इनामगावी १९६८ पासून झालेल्या उत्खननात याच जातीच्या दगडाची पाती सापडली. तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या शेतकऱ्यांना स्फटिकशास्त्र ठाऊक नव्हते. दगड कसा फुटतो हे मात्र पक्के ठाऊक होते.

आपला काळा पाषाण अनेक खनिजांच्या बारीक कणांचा. प्रत्येक कणाचे पाटन वेगळ्या दिशेस, म्हणून साऱ्या दगडास मिळून पाटन नाही. लाव्हा थंड होताना आकसला, तेव्हा त्यात भेगा पडल्या. पाथरवट खाणीत आधी त्या भेगा हेरतो आणि मगच पाचर ठोकतो.